गाव विचारायचं नाही

बाईंचं नाव मी सांगणार नाही. कुणी कितीही खोदून विचारलं तरी नाही. त्यांच्या हाताखाली शिकून मी दुसरं काही शिकले की नाही देव जाणे, पण नाव न सांगायला शिकले. वाचता वाचता ‘ही अमकी तर नव्हे?’ म्हणून ओळखायची ज्यांना खोड आहे, त्यांनी इथंच थांबावं. मी गल्ली बदलली आहे, वार बदलला आहे, चेहरेही बदलले आहेत. आणि जिच्याबद्दल पुढं सांगणार आहे, तिला विचारून लिहिते आहे. बसा शोधत.

बाई आम्हाला एम.ए.ला समुपदेशन शिकवायच्या. समुपदेशकाचा आवाज शांत, मृदू असावा, असं आमच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात होतं. तो धडा बाईंनी अशा आवाजात वाचून दाखवला की खाली शाहूपुरीच्या रस्त्यावर एक रिक्षावाला थांबून वर बघायला लागला. त्यांचं लहानपण गगनबावड्याच्या बाजूला गेलं. तिकडं चार महिने डोक्यावरच्या पत्र्यावर पाऊस वाजत असतो, त्यात एकमेकांचं ऐकू यायचं तर ओरडावंच लागतं, असं त्या सांगायच्या. “माझा आवाज पावसानं घडीवलाय,” म्हणायच्या. कोल्हापुरात येऊन तीस वर्षं झाली होती, पण बाईंच्या लेखी पाऊस काही थांबला नव्हता.

साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली एक लोखंडी किल्ली. पहिल्या वर्षाच्या पोरींना तो ताईत वाटायचा. ती संस्थेच्या समुपदेशन केंद्रातल्या कपाटाची किल्ली होती; तिथंच आमचा सराव चालायचा. कपाटात लोकांच्या नोंदी असत. आंघोळीलासुद्धा बाई ती काढत नाहीत अशी बोलवा होती, आणि कुणीतरी धीर करून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “काढून ठेवायला जागा सांग, काढतो.”

आमच्याकडं बायकाही ‘मी जातो, मी करतो’च म्हणतात. आमच्या वर्गातली एक बाहेरगावची, फार शुद्ध बोलणारी मुलगी पहिल्या दिवशी केंद्रात आलेल्या बाईला म्हणाली, “आपल्याला सध्या नैराश्य जाणवतंय का?” ती बाई पिशवी उचलून म्हणाली, “न्हाय बा, आमाला तसलं काय न्हाय. जातो मी.” आणि गेली. बाईंनी त्या दिवशी सगळ्यांना धारेवर धरलं. “कोल्हापुरात कुणाला नैराश्य येत न्हाय! हितं डोस्कं आऊट हुतंय. जेवान ग्वाड लागत न्हाय. घर खायला उठतंय. काळजात कालवाकालव हुती. ह्यातलं काय ऐकू आलं तर तितं थांबायचं. पुस्तकातला शब्द पुस्तकात ठेवायचा.” मग दोन वर्षं आम्ही वहीत असली वाक्यं गोळा करत हिंडलो. एस.टी.त, मंडईत, लग्नात. माझ्या वहीत तीनशेच्या वर झाली होती आणि माझ्या आईला वाटत होतं, पोरगी शिव्या गोळा करते आहे.

बाईंचा जेवणाचा स्टीलचा डबा कायम टेबलावर असायचा, पण त्याचं झाकण जेवणापेक्षा दुसऱ्याच कामाला लागायचं. सरावाच्या तासाला दोघींनी समोरासमोर बसायचं, एकीनं आपलं दुखणं सांगायचं, दुसरीनं नुसतं ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. आता कोल्हापूरच्या माणसाला सल्ला देऊ नको म्हणणं म्हणजे तांबडा रस्सा दाखवून उपास धर म्हणण्यातला प्रकार. समोरची म्हणाली, “माझं घरात पटत नाही.” माझ्या तोंडून लगेच, “मग वेगळं व्हायचं की सरळ!” ठण्ण! बाईंनी झाकण टेबलावर आपटलं. “तिनं इचारलं व्हतं तुला?” दुसऱ्यांदा मी म्हटलं, “पण सासूशी एकदा बोलून तर बघ.” ठण्ण! माझ्या एकटीच्या पायी त्या झाकणाला पोचे आलेत, असं बाई सगळ्या वर्गात सांगायच्या. खोटं नव्हतं ते.

दुसरी भांडणं पाण्यावरून. माणूस रडायला लागलं की आपला हात आपोआप तांब्याकडं जातो. घरी तसंच शिकवलेलं असतं. बाईंनी केंद्रातला माठच उचलून बाहेर ठेवला. “पाणी दिलंस म्हणजे ‘आता गप बस’ म्हणालीस. रडू द्या की तिला. घरात रडता येत न्हाय म्हणून तर आलीया.” आम्ही सगळ्या मग मांडीखाली हात घालून बसायला शिकलो. सांगायला सोपं आहे. समोर एक बाई हमसून रडते आहे आणि आपण मांडीखाली हात घालून बसलो आहोत, हे एकदा करून बघा.

आणि सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे पीठ.

आमचं केंद्र संस्थेच्या मागच्या अंगाला, दोन खोल्यांत होतं. त्याच्यावर ‘मानसिक आरोग्य समुपदेशन केंद्र’ अशी मोठी पाटी होती ती बाईंनी पहिल्याच वर्षी काढून टाकलेली. त्या पाटीखालून आत यायची छाती कुणाची होणार? आतल्या खोलीला मागं एक दार होतं, ते एका पिठाच्या गिरणीत उघडायचं. गिरणी एका काकींची. त्या कायम पिठानं पांढऱ्या झालेल्या आणि बाईंच्या जिवाभावाच्या. गिरणीत बाईंचे चार-पाच डबे सदान्‌कदा दळून तयार असायचे. ज्वारी, नाचणी, तांदूळ. एकटी बाई एवढ्या भाकऱ्या खाते तरी कशी, याच्यावर आमच्यात पैजा लागायच्या. मग कळलं की येणारी माणसं गिरणीच्या दारानं यायची, त्याच दारानं जायची, आणि जाताना प्रत्येकीच्या हातात पिठाची पिशवी असायची. घरी कुणी विचारलं कुठं गेलतीस, तर दळण आणायला. हे कुठल्या पुस्तकात आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

एवढं सगळं पाळायचं, आणि वर बाईंचा पहिला नियम. वर्गात पहिल्या दिवशी, शेवटच्या दिवशी आणि मधल्या प्रत्येक दिवशी त्या तो सांगायच्या. “गाव इचारायचं न्हाय!”

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. पण आमच्याकडं बोलायला सुरुवातच तिथनं होते. गाव कुठलं? कुणाच्यातली? मग अमकी तुझी कोण? तिसऱ्या प्रश्नाला नातं निघतं, चौथ्याला चहा येतो. बाई म्हणायच्या, “तीन सवालात तुमी तिच्या घरात पोचता. ती घरातनं सुटून आलीया, आणि तुमी तिला परत घरात न्हिऊन बशिवता.” दुसरा नियम त्याच्याच पाठोपाठ. ती वाटेत कुठं भेटली तर आपण ओळखायचं नाही. आणि तिसरा: तिनं स्वतः चारचौघांत सांगितलं तरी आपण सांगायचं नाही. तिचं तोंड तिचं, आपलं आपलं.

माझी तर जन्मापासूनची अडचण. आमचं जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याचं दुकान. मला बोलता यायला लागलं तेव्हापासून मी पायरीवर उभी राहून ओरडते आहे, “या पावणं! गाव कुठलं?” माणसानं गाव सांगितलं की तो थांबतो, थांबला की घेतो. हा आमच्या आजोबांपासूनचा धंदा. ते माझ्या हाडात भिनलेलं. वर्गात बाई नियम सांगत होत्या तेव्हा मी मान डोलावत होते, आणि मनात म्हणत होते, हे काय मोठं.

दुसऱ्या वर्षी मला एकटीनं ऐकायला पहिली बाई मिळाली. बाईच कसली, पोर होती, माझ्याहून लहान. पाच महिन्यांची मुलगी घरी सासूजवळ ठेवून आलेली. तिनं सांग म्हटलं आहे तेवढंच सांगते. बाळ झाल्यापासून तिला कशातच गोडी वाटत नव्हती, बाळ रडलं तरी लांबून कुठून तरी आवाज येतोय असं वाटायचं, आणि आपण आई म्हणून नालायक आहोत असं तिच्या मनानं घेतलं होतं. आणि हे घरात कळलं तर काय होणार, तेही तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा सासरा उघड म्हणाला होता, “डोस्क्यात बिघाड असला तर माहेरला घालवू. पोरगी आमची हाय, ती हितंच ऱ्हाणार.” म्हणजे येऊन बोलावं तर मुलगी जायची भीती, आणि न बोलावं तर हे असं.

ती हे सगळं बोलली. मी झाकणाचा एकही आवाज होणार नाही असं ऐकलं, मांडीखाली हात घालून. पन्नास मिनिटं छान गेली. शेवटी ती डोळे पुसून हसली, मलाही बरं वाटलं, आणि मी दारापर्यंत सोडायला जाता जाता म्हटलं, “गाव कुठलं गं तुझं?”

तिनं सवयीनं सांगितलं. आणि मी! “अगं, मग आमच्या मावशीच्या गल्लीतलीच की तू!”

तिचा चेहरा असा पडला की मला अजून दिसतो. पिठाची पिशवी तिथंच ठेवून ती गेली.

एवढ्यावर थांबले असते तरी बरं. त्या रविवारी मावशी डोंगरावर देवाला आली, दुकानात टेकली, आणि चहा पिता पिता म्हणाली, “आमच्या शेजारची सून बघ की, सोन्यासारखं बाळ, आन्‌ ही नुसती भिताडाकडं बघत बसती.” मी नाव घेतलं नाही, काही सांगितलं नाही. मी एवढंच म्हटलं, “तिचा तरी काय दोष, मावशी.”

मावशीनं कप खाली ठेवला. “तू वळखतीस व्हय तिला?”

“न्हाय, न्हाय!” मी म्हटलं. फार लवकर म्हटलं, आणि फार मोठ्यानं. मावशी वाईट नव्हे हो. पण मी कुठं शिकते, तिथं कसली माणसं येतात हे तिला ठाऊक होतं. चार दिवसांत गल्लीला कळलं.

मी बाईंना जाऊन सांगितलं. माझी अपेक्षा होती की छप्पर उडेल. बाई इतक्या हळू आवाजात बोलल्या की मला पुढं वाकावं लागलं. “तिच्या दारात जायाचं न्हाय. फोन करायचा न्हाय. माफी मागायची तर ती हितं आली तर मागायची. बेस्तरवारी चारची येळ तिची हाय. तू त्या खोलीत जाऊन बसायचं. मोबाइल न्हाय, पुस्तक न्हाय. पन्नास मिन्टं.”

“आणि ती आलीच नाही तर?”

“तरीबी येळ तिचीच हाय.”

मी बसले. समोर रिकामी खुर्ची. पलीकडं गिरणीची घरघर. पहिल्या गुरुवारी मला बाईंचा राग आला, ही काय शिक्षा आहे का, मी काय शाळेतली पोर आहे का. दुसऱ्या गुरुवारी मला माझाच राग आला आणि मी त्या खुर्चीसमोर रडले. पाणी द्यायला कुणी नव्हतं. त्या दोन तासांत मी जे शिकले ते दोन वर्षांच्या नोट्समध्ये नव्हतं, आणि ते मला आवडलंही नव्हतं.

तिसऱ्या गुरुवारी चारला पाच कमी असताना गिरणीकडचं दार वाजलं.

ती आत आली, बसली. मी माफी मागितली. तिनं ऐकून घेतली, माफ केलं असं काही म्हणाली नाही. म्हणाली, “घरात मी साफ न्हाय म्हटलंय. मामा चौकशीला येणार म्हणत्यात. त्ये एकदा हितं येऊन गेलं, की मला हिकडचं दार बंद. म्हणून आज शेवटचं बोलून घ्यावं म्हटलं.” मामा म्हणजे तिचा सासरा. मग ती बोलायला लागली.

अर्धा तास झाला असेल, पुढच्या खोलीत चपला वाजल्या. आधी आमच्या संस्थेच्या सचिवांचा आवाज आला. मग दुसरा एक. तो ऐकला आणि तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला. मधे नुसतं एक लाकडी दार होतं, त्याला कडीही नीट लागत नव्हती.

“बाई, हे आमचे पाहुणे,” सचिव म्हणाले. “अगदी घरचे. यांच्या सुनेचं नाव तुमच्या रजिस्टरमध्ये आहे का, एवढंच बघायचं आहे.”

“बघता येत न्हाय.” बाईंचा आवाज. गगनबावड्याचा सगळा पाऊस त्यात होता. गिरणीची घरघर त्याच्यापुढं काहीच नाही. मला वाटतं, आम्हाला आत प्रत्येक शब्द कळावा म्हणूनच त्या तशा बोलत होत्या.

“अहो, मी संस्थेचा सचिव आहे!”

“व्हय की. उद्या तुमची लेक आली, तर तिच्या सासऱ्यालाबी मी हेच सांगीन.”

मग तिचा सासरा बोलला. गोड बोलला, ते जास्त वाईट. “बाई, भांडाय आलो न्हाय आमी. येवडंच सांगा, येती का न्हाय येती? न्हाय म्हणा, आल्या पावली माघारी जातो.”

मी आत मनात ओरडत होते. म्हणा की बाई! एक ‘न्हाय’ म्हणा! काय जातंय तुमचं? एका शब्दात पोर सुटेल, मी सुटेन, तुम्हीही सुटाल!

“पावणं,” बाई म्हणाल्या, “आज तुमाला न्हाय म्हटलं, आणि उद्या दुसऱ्या कुणाला गप बसलो, तर त्यो काय समजंल? हाय, असंच समजंल न्हवं? म्हणून मी हाय बी म्हणत न्हाय आणि न्हाय बी म्हणत न्हाय. कुणालाच न्हाय.”

“कपाट संस्थेचं आहे, बाई!” सचिवांचा पारा चढला होता.

“कपाट उचलून न्या की मग. किल्लीला हात लावून दाखवा.”

“आमी हितंच बसतो,” सासरा म्हणाला. बाक करकरला. “आत कोण हाय ते कवा ना कवा भाईर येईलच.”

“बसा, बसा. च्या सांगू?” बाई म्हणाल्या, आणि खिडकीतून समोरच्या चहावाल्याला अशी हाक मारली की तो कप न विसळताच आला असेल.

मी उठले. मागचं दार दाखवून खुणेनं म्हटलं, जा तू, लवकर. ती उठली नाही. तिनं खुर्चीचा हात सोडला होता.

“येळ किती ऱ्हायली?” तिनं विचारलं.

मी घड्याळ बघितलं. “वीस मिनिटं.”

“मग बसतो की. माझी येळ हाय न्हवं?”

आणि ती बसली. दाराच्या पलीकडं तिचा सासरा बशीत चहा ओतून फुरके मारत होता, अलीकडं ती हळू आवाजात बोलत होती, आणि मी ऐकत होते. मी आयुष्यात इतकं नीट कुणाचंच ऐकलेलं नाही. पाचाला दहा कमी असताना ती उठली, गिरणीत गेली, काकींनी तिच्या हातात नाचणीच्या पिठाची पिशवी दिली, आणि ती पलीकडच्या गल्लीत उतरून चालायला लागली.

मी मधलं दार उघडलं. सासरा ताडकन उठून आत डोकावला. दोन खुर्च्या, एक घड्याळ. सचिव माझ्यापुढं येऊन उभे राहिले. “तू सांग. कोण होतं आत? तुझ्या प्रात्यक्षिकाच्या तासांवर शेवटची सही माझी असते, ठाऊक आहे ना? वर्ष जाईल.”

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. घरच्यांनी दुकान सांभाळून मला शिकवलेली, लग्न लांबवून मी शिकायला बसलेली. पण त्या पोरीनं ‘मग बसतो की’ म्हटलेलं कानात होतं, आणि माझं डोंगरावरचं रक्त उसळलं. “साहेब, नका करू सही!” मी म्हटलं. “वर्ष न्या, दोन न्या. मी वेडी नव्हे वर्षासाठी दुसऱ्याचं घर मोडायला. आणि पावणं, तुम्हीबी ऐका—”

ठण्ण!

बाईंनी झाकण आपटलं होतं. सचिव आणि सासरा, दोघेही दचकले.

ते गेल्यावर बाई मला म्हणाल्या, “येवडं भाषान कशाला? नुसतं गप बसायचं.” शाबासकी वगैरे काही नाही. डब्यातली अर्धी भाकरी त्यांनी माझ्या हातावर ठेवली आणि उरलेली स्वतः खाल्ली.

सही झाली नाही. माझं वर्ष गेलं. दुसऱ्या संस्थेत जाऊन तास पुन्हा भरले. बाईंना केंद्रातून काढलं, ‘नूतनीकरण’ म्हणून. जाताना कुलगुरूंच्या कार्यालयातल्या माणसांसमोर कपाट उघडावं लागलं. सचिव स्वतः चष्मा लावून उभे होते. आत वह्याच वह्या. पहिली उघडली. ‘सोमवार, अकरा: ज्वारी. मंगळवार, तीन: तांदूळ. बेस्तरवार, चार: नाचणी.’ सगळ्या वह्या तशाच. पान न्‌ पान धान्य. खरं नाव एकाही पानावर नाही. कोण नाचणी, कोण तांदूळ, ते बाईंच्या डोक्यात.

मला हसू आवरेना, आणि दुसऱ्या मिनिटाला असा संताप आला की बाहेर पायरीवर मी त्यांना अडवलं. “बाई, हे त्या दिवशीच का नाही दाखवलं? दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं? माझं वर्ष वाचलं असतं!”

“आज धान्य बघू दिलं, तर उद्या येऊन माणूस मागत्यात,” बाई म्हणाल्या. “बघू द्यायचंच न्हाय.” मग बुटाची लेस बांधत म्हणाल्या, “तुझं वर्स गेलं. माझं काम गेलं. तिची पोरगी तिच्याजवळ हाय.” आणि चालायला लागल्या. मी तिथंच उभी राहून त्यांना चार शिव्या घातल्या, वहीतल्याच.

ती पुढं येत राहिली. केंद्रात नव्हे, काकींच्या गिरणीच्या माळ्यावर. बाईंनी तिला डॉक्टरांकडंही पाठवलं, औषध चालू झालं. पावसाळा संपता संपता एका गुरुवारी ती म्हणाली की आज बाळ रडलं तर मला जवळून ऐकू आलं. मग एक दिवस म्हणाली, आता येत नाही. आम्ही निरोप घेतला. नव्या केंद्रावर आता दिव्यांची पाटी आहे, म्हणतात. तिच्याखालून आत जाणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. बाई गगनबावड्याकडं राहायला गेल्या. फोन केला की मी तो कानापासून हातभर लांब धरते.

मी आता दोन कॉलेजांत समुपदेशक आहे, आणि रविवारी डोंगरावर दुकानात बसते. मागच्या चैत्रात, यात्रेनंतरचा रविवार. गर्दी बरीच होती. एक म्हातारी बाई, तिची सून आणि पाच-सहा वर्षांची एक मुलगी अशा तिघी पायरीशी आल्या. सुनेला मी बघितलं. सुनेनं मला बघितलं. नियम होता. मी ओळखलं नाही.

“या पावणं!” मी म्हटलं. “गाव कुठलं?”

म्हातारीनं गाव सांगितलं आणि माझ्याकडं निरखून बघायला लागली. “तू आमच्या शेजारणीच्या भनीची लेक न्हवं? त्ये डोस्क्याचं शिकल्याली?” मग जवळ आली. आवाज मायेचा होता, खरंच मायेचा. “पोरी, आता कसली भीती न्हाय. आमचं मालक जाऊन दोन वर्सं झाली. नात शाळंत जाती. नुसतं मनाला लागून ऱ्हायलंय बघ. आमची सून येत हुती का गं तुज्याकडं?”

धमकीला मी बधले नव्हते, पण त्या मायेपुढं माझी जीभ अगदी दातांपर्यंत आली. सांगून टाकावं. काय जातंय आता?

“मावशी,” मी म्हटलं, “खोबरं वाटीचं देऊ का तुकडा?”

“अगं, येवडंच इचारतोय, येत हुती का—”

“वाटीचंच देते.”

सुनेनं मुलीला कडेवर घेतलं. एवढी मोठी झालेली मुलगी, पण घेतली. आणि भर गर्दीत, पाच दुकानांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “आत्ती, तिला काय इचारताय? मला इचारा की! जात हुतो मी. दर बेस्तरवारी, चार वाजता. नाचणीचं पीठ घिऊन येत हुतो, त्ये कुठलं वाटलं तुमाला?”

शेजारचा दुकानदार मान काढून बघायला लागला. म्हातारीनं सुनेकडं बघितलं, म्हणाली, “पीठ लई बारीक असायचं त्ये.” मग पदर तोंडाला लावून नातीच्या पायाला नुसता हात लावला आणि माझ्याकडं वळली.

“खरं हाय का गं, ही म्हणती त्ये?”

सून माझ्याकडं बघत होती, डोळे भरून आणि ओठ दाबून. तिला ठाऊक होतं मी काय म्हणणार.

“मावशी,” मी म्हटलं, “गुलाल किती देऊ?”